वीस वर्षांची बॅटरी, दोन वर्षांचा संशोधक

जालना जिल्ह्याच्या जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णी (सोलापूरकडील प्रसिद्ध टेंभुर्णी ती ही नव्हे) अशा भागात आहे, जेथे रब्बीला पाणी देण्यासाठी रात्रीच्या विजेची वाट पाहत, थंडीत आणि सापविंचवांच्या भयात बांधावर उभे राहणे शेतकऱ्याने वर्षानुवर्षे सोसले. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने त्याला दिवसा वीज देण्याचे अभिवचन दिले, हे स्वागतार्हच होय. परंतु सूर्य मावळल्यावर गावचा दवाखाना, अभ्यासाला बसलेली मुले आणि जालन्यातील पोलादाच्या भट्ट्या यांना वीज कोठून मिळावी? आजही मुख्यतः कोळशातूनच.

दुपारची वीज आठ-दहा तास साठवावयाची तर प्रवाही बॅटरी हा एक गंभीर पर्याय आहे. नेहमीच्या बॅटरीत सारे काही एकाच डब्यात बंद असते. येथे दोन टाक्यांत व्हॅनेडियमचे आम्लयुक्त द्रावण असते आणि पंप ते मधल्या घटांतून फिरवतात. अधिक तास वीज हवी तर टाकी मोठी करावी. द्रावणात पाणी असल्याने ते पेट घेत नाही. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ही बॅटरी विकसित केली.

दोषही आहेतच. व्हॅनेडियम महाग, जागा फार लागते, आणि भरलेल्या विजेचा सुमारे चौथा हिस्सा वाया जातो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे द्रावणाचे तापमान ४० अंशांपलीकडे गेले की त्यातील व्हॅनेडियम साक्यासारखे खाली बसू लागते. मराठवाड्याचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. हे कोडे थंड देशांतील प्रयोगशाळा आपल्यासाठी सोडवतील, ही आशा भाबडी आहे.

असले काम पीएच.डी. झालेले तरुण संशोधक करतात. आपल्याकडील राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप मात्र साधारणतः दोन वर्षांचीच असते. बॅटरीने वीस वर्षे टिकावे ही अपेक्षा, आणि तिचा पडदा कसा झिजतो हे पाहणाऱ्याने मात्र दोन वर्षांत नवी नोकरी शोधावी! चीनमध्ये दालियान येथे २०२२ साली ४०० मेगावॉट-तासांची प्रवाही बॅटरी ग्रीडला जोडली गेली. तिच्यामागे तेथील सरकारी संशोधन संस्थेचे दीर्घ परिश्रम आहेत. २०२५ साली आपल्या एनटीपीसीने ३ मेगावॉट-तासांची उभारली.

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा आवार २०१८ पासून जालन्यात आहे. टाक्या, पंप, पडदे आणि द्रावणे हा रासायनिक अभियांत्रिकीचाच विषय आहे. तेथे सार्वजनिक निधीतून या संशोधनाचे केंद्र उभारावे, नेमणुका किमान पाच वर्षांच्या कराव्यात, आणि पहिली चाचणी-टाकी टेंभुर्णीच्या परिसरातील एखाद्या वीज उपकेंद्रावर, भर मे महिन्यात चालवून पाहावी.