साच्याला वजनकाटा हवा

ऊस कारखान्याच्या काट्यावर चढला की त्याचे वजन पावतीवर येते आणि त्याच दिवसापासून पैशांची मुदत धावू लागते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ही मुदत १४ दिवसांची ठरविली. विलंबास दरसाल शेकडा १५ व्याज लावले. ती कितपत पाळली जाते हा वेगळा वाद. परंतु आपले येणे कोणत्या तारखेपासून थकले, हे बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकाला तोंडपाठ असते. त्याच घरातल्या मुलाने बारामतीच्या किंवा लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकच्या भागांचे साचे, म्हणजे मोल्ड, घडविण्याचा कारखाना काढला, तर मात्र त्याला अशी तारीख सांगता येईलच असे नाही.

तीनचाकी वाहनाच्या दिव्याचे आवरण असो वा ठिबक सिंचनाचा जोड, त्यामागे पोलादात कोरलेला साचा असतो, आणि त्या साच्याला जगात एकच गिऱ्हाईक असते. त्याने पाठ फिरविली की उरते ते भंगाराच्या भावाचे पोलाद. तोडलेला ऊसही फार काळ ठेवता येत नाही, म्हणूनच तेथे कायद्याला मध्ये पडावे लागले.

साच्याच्या व्यवहारात तंटा बहुधा पैशांपूर्वी मापांत उद्भवतो. वितळलेले प्लॅस्टिक थंड होताना आकसते. पॉलिप्रॉपिलीन शेकडा एक ते दोन, तर एबीएस सुमारे अर्धा टक्का. पोकळी कोरून झाल्यावर गिऱ्हाइकाने कच्चा माल बदलला, तर सारी मापे चुकतात. पोलाद खरवडून काढता येते, वाढवायचे तर वेल्डिंग करावे लागते. म्हणून जाणता कारागीर शंकास्पद मापांच्या जागी थोडे पोलाद राखून ठेवतो. हा सावधपणा करारात मात्र दिसत नाही. फेरबदल दूरध्वनीवरून सांगितले जातात, त्यांचा खर्च आणि वाढीव दिवस कोणी लिहून घेत नाही. पहिल्या ट्रायलनंतर दुसरी, मग तिसरी, आणि अखेरचा हप्ता प्रत्येक वेळी पुढे ढकलला जातो.

लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. माल स्वीकारल्यापासून फार तर ४५ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे, असे तो म्हणतो. पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल स्वीकारला असे तो मानतो. तोंडी कुरकुरीला तेथे किंमत नाही. पण ट्रायलच्या फेऱ्यांत अडकलेला साचा करणाऱ्याच्याच शेडमध्ये असतो. तो पोहोचलेलाच नसल्याने कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही.

तेव्हा हा काटा ऑर्डरच्या पहिल्या पानावरच बसवावा लागेल. कोणती मापे, किती टनांच्या यंत्रावर, सलग किती नग काढून, कोणी तपासायची आणि किती दिवसांत लेखी उत्तर द्यायचे, हे पोलाद कापण्यापूर्वी ठरले पाहिजे. आगाऊ रक्कम, ड्रॉइंगची मंजुरी, पहिली ट्रायल असे हप्ते पाडून मोठा वाटा साचा हलण्यापूर्वी वसूल व्हावा. १९३० चा मालविक्री कायदा पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून ठेवण्याचा हक्क देतो, परंतु तो ताब्यातल्या मालापुरता. ट्रक फाटकाबाहेर पडला की तो हक्कही गेला.

गिऱ्हाइकाचीही बाजू आहे. न झेपणारी तारीख कबूल करून ऑर्डर घ्यायची आणि उशीर शेवटच्या आठवड्यापर्यंत झाकून ठेवायचा, ही खोड या धंद्यात जुनी आहे. पोलाद आले की नाही, कोणते काम कोठवर आले, याचा आठवड्याचा कागद गिऱ्हाइकाकडे गेला, तर निम्मा अविश्वास तेथेच ओसरेल.

एकट्या कारखानदाराने अशा अटी घातल्या, तर काम भोसरी-चाकणकडे वळेल ही भीती खोटी नाही. ऊस उत्पादकांनीही आपले म्हणणे एकेकट्याने मांडले नव्हते. दोन्ही वसाहतींतल्या साचे करणाऱ्यांनी एकत्र बसून ऑर्डरचा एकच छापील नमुना केला, तर पुढच्या कामापासून तो वापरता येईल.