विश्लेषण : चायनीजमध्ये धोका अजिनोमोटोचा की मीठ, तेल आणि रंगाचा?

‘आमच्याकडे अजिनोमोटो वापरत नाहीत’ असा फलक आता अनेक चायनीजच्या गाड्यांवर आणि हॉटेलांत दिसतो. ‘चायनीज खाऊ नको, त्यात अजिनोमोटो असतो’ हा सल्लाही घरोघरी दिला जातो. पन्नासहून अधिक वर्षे बदनाम असलेल्या या पांढऱ्या पावडरीबद्दल विज्ञान काय सांगते? आणि तिच्याकडे बोट दाखवताना त्याच प्लेटमधल्या दुसऱ्या गोष्टी सुटून जातात का?

अजिनोमोटो म्हणजे नेमके काय?

अजिनोमोटो हे पदार्थाचे नाव नाही, ते जपानी कंपनीचे नाव आहे. वनस्पती तुपाला आपण सरसकट ‘डालडा’ म्हणतो, तसाच हा प्रकार. पदार्थाचे खरे नाव मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजेच एमएसजी. टोकियोतील रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बू या समुद्री शेवाळाच्या सूपमधून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी ही पावडर बाजारात आली.

ग्लुटामेट टोमॅटो, मशरूम, मुरवलेले चीज, इतकेच काय आईच्या दुधातही असते. आज एमएसजी प्रामुख्याने उसाची मळी किंवा स्टार्च जिवाणूंच्या मदतीने आंबवून तयार होते. टोमॅटोतले ग्लुटामेट आणि पावडरीतले ग्लुटामेट रासायनिकदृष्ट्या एकच असून शरीर त्यांत फरक करत नाही.

मग बदनामी कशी झाली?

अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट हो मान क्वोक यांचे एक पत्र १९६८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आले. चिनी रेस्टॉरंटमध्ये जेवल्यावर मानेमागे बधिरपणा, अशक्तपणा आणि धडधड जाणवते, असे त्यांनी लिहिले होते. कारण म्हणून त्यांनी सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, एमएसजी आणि मीठ अशा अनेक शक्यता मांडल्या होत्या. त्यातली एमएसजीच लोकांच्या लक्षात राहिली. ‘चायनीज रेस्टॉरंट सिंड्रोम’ हा शब्दप्रयोगही तिथूनच रूढ झाला. मुळात ते एक पत्र होते, संशोधन नव्हे.

१९६९ मध्ये नवजात उंदरांना एमएसजीची इंजेक्शने दिल्यावर त्यांच्या मेंदूला इजा झाल्याचे दिसले आणि भीती वाढली. पण मोठ्या डोसचे इंजेक्शन आणि जेवणातली चिमूटभर पावडर यांची तुलना होऊ शकत नाही. अमेरिकेत डबाबंद सूप आणि चिप्समध्येही एमएसजी होतेच, शिक्का मात्र चिनी जेवणावर बसला.

आजचे संशोधन काय सांगते?

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८७ मध्ये एमएसजीसाठी रोजची मर्यादा ठरवण्याची गरज नसल्याचे म्हटले. अमेरिकेच्या अन्न प्रशासनासाठी १९९५ मध्ये झालेल्या आढाव्यानुसार, काही संवेदनशील व्यक्तींनी अन्नाशिवाय ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त एमएसजी घेतल्यास डोकेदुखी, बधिरपणा, धडधड असा तात्पुरता त्रास होऊ शकतो. तिथल्या नेहमीच्या पदार्थांत एका वेळी अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी एमएसजी असते.

म्हणजे कितीही खाल्ले तरी चालेल, असे नाही. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१७ मध्ये ग्लुटामेटसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम अशी दैनंदिन मर्यादा सुचवली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी ती १.८ ग्रॅम होते. चहाचा एक चमचा पावडर साधारण ४ ग्रॅम भरते. गाडीवर सगळा मामला अंदाजाचा असल्याने हा आकडा लक्षात ठेवावा. ज्यांना चायनीज खाल्ल्यावर दरवेळी त्रास होतो, त्यांनी ते टाळलेलेच बरे. भारतातही एमएसजी घातलेल्या पाकीटबंद पदार्थांवर, ते एक वर्षाखालील बाळांना देऊ नये, अशा सूचनेचा नियम आहे.

प्लेटमध्ये दुर्लक्षित काय राहते?

पहिले, मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. एका मोठ्या चमच्याभर सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास मीठ असते. दिवसाचा जवळपास निम्मा कोटा तिथेच संपतो. शेजवान चटणी, चिली सॉस आणि वरून भुरभुरलेले मीठ वेगळेच. वजनाच्या हिशेबात मिठात सोडियम ३९ टक्के, तर एमएसजीत १२ टक्के असते. रक्तदाबाचा विचार केला तर जास्त काळजी कशाची करायची, हे यातून कळते.

दुसरे, तेल. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात ‘पोलर’ संयुगे वाढत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे.

तिसरा, रंग. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनच्या १७१ नमुन्यांची तपासणी जाहीर केली. त्यातल्या १०७ नमुन्यांत असुरक्षित कृत्रिम रंग आढळले. कपडे रंगवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ऱ्होडामाइन-बीवर तेव्हा बंदीचे आदेश निघाले. गोव्यात म्हापसा पालिकेनेही त्याच वर्षी कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेचे कारण देत गोबी मंच्युरियनच्या विक्रीवर बंदी घातली.

ग्राहकांनी काय पाहावे?

चायनीजची गाडी म्हणजे अनेक विद्यार्थी आणि कामगारांचे परवडणारे रात्रीचे जेवण आहे. ती बंद करणे हा उपाय नव्हे. पण ‘अजिनोमोटो नाही’ एवढ्या एका फलकावर समाधान मानणेही योग्य नाही. मंच्युरियन भडक लाल आहे का, कढईतले तेल काळे आणि फेसाळ झाले आहे का, हे डोळ्यांनी दिसते. ‘सॉस कमी टाका, वरून मीठ नको, रंग नको’ असे सांगायला पैसे पडत नाहीत. तळलेल्या ड्राय मंच्युरियनऐवजी भाज्या जास्त घातलेले नूडल्स किंवा सूप निवडता येते.

तेलातली संयुगे आणि रंगातले रसायन तपासण्याचे काम मात्र ग्राहकाचे नाही. ते अन्न व औषध प्रशासनाचे आहे. तक्रार आल्यावर किंवा जत्रेपुरती तपासणी करून भागणार नाही. नमुने नियमित घेतले गेले आणि निष्कर्ष लोकांसमोर मांडले गेले, तर फलकावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ग्राहक स्वतः ठरवू शकेल.