भिंतीआडचा नकाशा

दोस्तांनो, नव्या घराच्या भिंतीत चर खोदून पाइप बसवणारे वायरमनकाका तुम्ही पाहिले असतील. एकदा प्लास्टर झालं, रंग लागला की ते सगळं दिसेनासं होतं. मग काही राहिलं असेल तर पुन्हा भिंत फोडा! म्हणून विजेचं फिटिंग आधी कागदावर करायचं असतं. पलंग कुठे, टेबल कुठे, फ्रिज कुठे हे ठरवायचं आणि मगच बोर्डाची जागा. नाहीतर बटण नेमकं कपाटामागे जातं!

आता थोडं गणित. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. उपकरणावरच्या वॅटच्या आकड्याला २३०ने भागलं, की त्यातून किती अँपिअर प्रवाह जाईल ते ढोबळमानाने कळतं. २००० वॅटचा गिझर घेतो सुमारे ८.७ अँपिअर. आणि दिव्याच्या बोर्डावरचं छोटं सॉकेट असतं ६ अँपिअरचं. जोडणी लावून गिझर तिथे चालवला तर काय होईल? प्रवाह दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. प्लग काळे पडतात ते यामुळेच.

म्हणून कामाप्रमाणे वायर वेगळी. साधारणपणे दिवे-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची, १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटला अडीचची आणि एसीला चारची. प्रत्येक लाइनला स्वतंत्र एमसीबी. वायरला पेलणार नाही इतका प्रवाह वाहू लागला की त्याचा खटका पडतो. ‘सारखा पडतो, मोठा एमसीबी टाका’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तसं केलं तर खटका पडायचा नाही, भिंतीतली वायर मात्र जळेल.

पण एमसीबी असूनही शॉक का बसतो? कारण १६ अँपिअरचा एमसीबी वायरची राखण करतो, आपली नाही. माणसाच्या जिवाला ०.०३ अँपिअरपेक्षा थोडा जास्त प्रवाहसुद्धा धोक्याचा असतो. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी हवा. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा तो सतत मेळ घालतो. ०.०३ अँपिअरचा फरक पडायच्या आत क्षणार्धात वीज तोडतो.

त्याचा जोडीदार म्हणजे अर्थिंग. थ्री-पिन प्लगची वरची पिन लांब आणि जाड असते, पाहिलंत? ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि सगळ्यात शेवटी सुटते. इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरलीच तर ती या वाटेने जमिनीत जाते. ही पिन कधीही तोडायची नाही.

आता या आठवड्याचा उद्योग. आपल्या घराचा नकाशा काढा. जिथे जिथे एक्स्टेन्शन बोर्ड आहे तिथे लाल फुली मारा. प्रत्येक फुली म्हणजे नकाशात विसरलेला एक पॉइंट! त्यावर काय काय चालतं, त्याच्या वॅटची बेरीज करा आणि २३०ने भागा. उत्तर ६च्या वर गेलं तर आई-बाबांना लगेच दाखवा. घरात आरसीसीबी आहे का, तेही त्यांना विचारा. असेल तर त्यावरचं ‘टी’ बटण त्यांनाच दाबायला सांगा. खटका पडायलाच हवा. नाही पडला तर वायरमनकाकांना बोलवा.

आणि हो, बोर्ड स्वतः उघडायचा नाही हं!