रोहित पक्ष्यांना उठवू नका

आमच्या करमाळा तालुक्याला समुद्र नाही, पण उजनी धरणाचा काठ आहे. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात. मागच्या रविवारी मी अण्णांच्या होडीत होतो. धुकं एवढं, की होडीचं टोक दिसेना. जरा उजाडलं, तेव्हा थवा दिसला. मान खाली, चोच उलटी करून ते चिखलातलं खाणं गाळत होते.

फोटोवाले पाहुणे म्हणाले, "उडवा की! पंखांचा लाल रंग येऊ द्या."

अण्णांनी इंजिन रेटलं. सगळे उपाशीच उठले. मला हे मुळीच पटलं नाही. खाणाऱ्या पक्ष्याचा फोटो काय वाईट असतो?

अण्णा म्हणतात, पाहुणे रुसले तर परत येत नाहीत. तेही खरंच, माझं दप्तर त्याच पैशाचं आहे. तरी मी सांगितलंय, येत्या रविवारी इंजिन लांबच बंद करा, मी वल्हं मारतो.