वानरांचे कोडे आणि नाकारलेले उत्तर
१/ इ. स. ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त कोडे घातले: कळपाचा पंचमांश, त्यातून तीन वजा, उरले त्याचा वर्ग इतके वानर गुहेत गेले, एक फांदीवर दिसला. एकूण किती?

२/ आजच्या भाषेत क्ष² − ५५क्ष + २५० = ०. अवयव (क्ष − ५०)(क्ष − ५). मुळे ५० आणि ५. आचार्यांची रीत मात्र वर्ग पूर्ण करण्याची.

३/ पाचाचा पंचमांश एक. त्यातून तीन वानर कसे वजा करावेत? ऋण चिन्ह वर्गात लपते. ऋण संख्या लोकांस पटत नाही, म्हणून आचार्यांनी ५ नाकारले.

४/ माणमध्ये दहावीच्या मुलांना शिकवताना पाहतो: अवयव पडले की लेखणी थांबते. गणिताचा इतिहास अभिमानापुरता नको. उत्तर घेऊन प्रश्नाकडे परतण्याची सवय त्यातून लागावी.