तापीपलीकडचं माकड

परवा आमच्या गल्लीत एक माकड शिरलं. कुणाचे पापड गेले, कुणाच्या शेंगा. लगेच ठराव झाला: पकडून तापीपलीकडे, चोपड्याकडच्या जंगलात सोडायचं! मी विचारलं, "माकड कोणतं ते पाहिलं का?" सगळे हसले. सरांचा तास सुरू झाला म्हणे...

पण मंडळी, प्रश्न खरा आहे. आफ्रिकेत काँगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी, दक्षिणेला बोनोबो. तशीच आपली तापी. पुस्तकांत पश्चिम भारतातली सीमा हीच: उत्तरेला आखूड शेपटीचं, लालसर बुडाचं ऱ्हिसस, दक्षिणेला लांब शेपटीचं, डोक्यावर केसांची टोपी असलेलं टोपी माकड. हे दुसरं दक्षिण भारत आणि आसपासचा भाग सोडला तर जगात कुठेच नाही. २०११ साली संशोधकांनी दाखवून दिलं, की ऱ्हिसस सीमा ओलांडून दक्षिणेकडे सरकतंय आणि टोपी माकडाची जागा घेतंय. अशा वेळी आपणच माकडं गाडीत घालून नदीपार केली, तर मूळचं कोणतं आणि आणून सोडलेलं कोणतं, हे पुढे कोण सांगणार?

त्यापेक्षा कचरा झाका, खायला घालणं थांबवा. आमच्याकडे सौ. दर शनिवारी मारुतीच्या नावानं गच्चीवर केळी ठेवते. तिला अजून बोललेलो नाही. इथे वाचेलच.