संहितेचा सांभाळ

रेवस बंदर आणि आसपासचा खारेपाट या टापूत नाटकाच्या विषयांचे दुर्भिक्ष कधीच नव्हते. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बुडणाऱ्यांपैकी अनेकांना कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. स्वातंत्र्याला तेव्हा महिनाही उरला नव्हता. त्याआधी, 1933 ते 1939 या काळात, याच अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या आणि उपासमार सोसली. या दोन घटनांवर इथल्या एखाद्या तरुणाला आज नाटक लिहावेसे वाटले, तर त्याने कोणाकडे जावे? आमच्या मते आपल्या नाट्यव्यवहारातील सर्वांत मोठी उणीव या प्रश्नात दडलेली आहे.

आपल्याकडे प्रयोगाला आधार आहे, लेखनाला नाही. 1954 पासून राज्य नाट्यस्पर्धा आहेत, एकांकिकांचे करंडक आहेत, नाट्यगृहांसाठी निधी आहे. लेखनाचे पारितोषिकही आहे. परंतु ते लिहून झालेल्या संहितेला मिळते. ती लिहिली जात असताना लेखक एकटाच असतो. प्रवेशिकेची तारीख जवळ येते, पहिलाच खर्डा तालमीला उभा राहतो, स्पर्धा संपते आणि दुसरा खर्डा कधी होतच नाही. कादंबरीकाराला हे एकटेपण परवडते. नाटककाराला परवडत नाही, कारण संवाद कागदावर बरा वाटला तरी नटाच्या तोंडी तो उभा राहतो की नाही, हे ऐकल्याखेरीज कळत नाही.

आपल्या रंगभूमीचा इतिहासही हेच सांगतो. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ 1967 मध्ये ‘रंगायन’ने रंगमंचावर आणले. त्यातील बेणारेबाईंचे अखेरचे स्वगत अरविंद देशपांडे आणि सुलभा देशपांडे यांच्या आग्रहामुळे, तालमी सुरू असताना लिहिले गेले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. आग्रह संस्थेतील माणसांचा होता, शब्द मात्र तेंडुलकरांचेच होते. पुढे पुण्याच्या थिएटर अकॅडमीने या योगायोगाला योजनेचे रूप दिले. सतीश आळेकरांच्या कल्पनेतून आणि फोर्ड फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने 1985 ते 1994 या काळात तिथे नाटककारांच्या विकासाची आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या उभारणीची योजना राबवली गेली. लेखक घडवायचा तर गावोगावच्या संस्थाही घडवाव्या लागतील, ही त्यामागची जोड आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

असे साहाय्य मुदतीचे असते. म्हणून रायगडच्या किनाऱ्यावर हे काम करायचे, तर ते गावच्या ऐपतीत बसणारे हवे. एखादे सार्वजनिक वाचनालय आणि एखादे हौशी नाट्यमंडळ यांनी मिळून वर्षाला एकच लेखक निवडावा. त्याला अल्प का होईना, पण मानधन द्यावे. जुन्या वर्तमानपत्रांपर्यंत आणि घराघरांतील आठवणींपर्यंत त्याला पोहोचवावे. वर्षभरात नटांकडून संहितेची तीन वाचने करवावीत; नेपथ्य, वेशभूषा यांचा खर्च नको, एक खोली आणि खुर्च्या पुरेत. या वाचनांना कोळीवाड्यातील आणि आगरी वस्तीतील माणसे आवर्जून बोलवावीत. बोलीतला खोटा सूर त्यांच्या कानाला जितक्या लवकर खटकेल, तितका कोणत्याही परीक्षकाला खटकणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. संस्था आली की समिती येते, समिती आली की सर्वांना चालेल असे गुळमुळीत नाटक तयार होते. शिवाय गाव लहान असते. संपाच्या काळात कोणाच्या आजोबांनी खोताची बाजू घेतली, हे रंगमंचावर बोलले जाऊ नये असे वाटणारे घर बहुधा वाचनालयाच्या देणगीदारांतही असेल. मुंबई-पुण्याच्या नाटककाराला हा दाब इतक्या जवळून जाणवत नाही.

म्हणून काही अटी आरंभीच लिहून ठेवाव्या लागतील. वाचनानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत, दुरुस्त्या सुचवू नयेत. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता गाळायचा, याचा अंतिम अधिकार लेखकाचा. संहितेचे हक्कही त्याचेच. देणगीदाराला खर्डा आधी वाचायला मिळणार नाही. आणि वर्षाअखेर नाटक पुरे झाले नाही, तर मानधन परत मागितले जाणार नाही. शेवटची अट संस्थाचालकांना सर्वांत जड जाईल, याची आम्हांला कल्पना आहे. परंतु फसण्याची मुभा नसेल, तर लेखक आधीच यशस्वी ठरलेल्या नाटकाची नक्कल करील.

‘रामदास’ बुडाली तेव्हा जे जाणते होते, ते आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्याकडून ऐकून घ्यायला फार वर्षे उरलेली नाहीत. किनाऱ्यावरच्या वाचनालयांनी आपल्या येत्या वार्षिक सभेत वर्धापनदिनाच्या खर्चाशेजारी ‘एका नाटककारासाठी’ अशी एक बाब मांडावी, एवढीच आमची सूचना आहे.